आता बेटालाही लागू

शेनॉन सेंट ऑर्लिनला नोकरीला गेली तेव्हा बर्थाने उम्म अल कुवैनच्या आपल्या बिल्डिंगभर सांगून टाकलं होतं की पोरगी युरोपला गेली. नकाशात सेंट ऑर्लिन युरोपच्या आसपासही नाही. ते गरम समुद्रातलं चिमूटभर बेट आहे. पण राज्य युरोपातल्या एका देशाचं. नाण्यावर तिथला राजा, व्हिसावर तिथला मुकुट, पोलिसाच्या टोपीवर तिथलाच बिल्ला. मग युरोपच की, असं बर्थाचं म्हणणं, आणि ते खोडून काढायला बिल्डिंगमध्ये कोण मोकळं बसलं होतं? गल्फमध्ये पोरं वाढवलेल्या आईबापांना पोरं कुठेतरी पुढे गेली एवढंच ऐकायचं असतं. इथे जन्माला आलं, इथल्या शाळेत शिकलं, तरी व्हिसा संपला की निघायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही.

बर्था आणि लॅन्सी मूळचे वसईचे. लॅन्सी अजमानच्या एका हॉटेलात बँक्वेटचं बघतो, लग्नाच्या आणि कंपन्यांच्या पार्ट्यांचं. बर्था शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या करणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. खाली वर्कशॉपमध्ये कटरचा आवाज, वर तिचं केबिन. तिथे इतकी वर्षं तिने एक काम न चुकता केलं. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसापुढे व्हिसा कॅन्सल करायचा कागद सरकवायचा. त्यात लिहिलेलं असतं की माझा सगळा हिशेब मिळाला, माझी कसलीही तक्रार नाही. हिशेब पुष्कळदा मागाहून मिळतो, सही आधी. कुणी कां-कूं केलं की बर्था समजावते, "भाई, साइन कर दो. केस-बिस में मत पडो. पहले क्लीन एक्झिट लो, फिर नये वीजा पे वापस आ जाना." आणि माणसं खरोखरच परत येत. येताना तिच्यासाठी गावाकडची मिठाई आणत. त्यामुळे आपण कुणाला फसवतो असं तिला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिने फारसं फसवलंही नव्हतं. इथली रीतच ती. भांडत बसलेल्या माणसाचा व्हिसा संपतो, दंड चढतो, बॅन लागतो. निमूट बाहेर पडलेल्याला दार पुन्हा उघडतं.

सेंट ऑर्लिनच्या रिसॉर्टमध्ये शेनॉन फ्रंट डेस्कला होती. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं, दिवस राहिले, आणि रिसॉर्टने तिचं परमिट पुढे वाढवलं नाही. तिथे परदेशी नोकरदार बाईला दिवस गेले की असंच करत. लग्न काही झालं नाही. मूल झालं, मुलगा, त्याचं नाव तिने डॅरिल ठेवलं. आणि मग बेटाचा कायदा आडवा आला. बाप बेटावरचा असेल तर मूल बेटाचं, आणि परमिट नसलेल्या आईने निघायचं. राजाच्या देशात हे कुणी खपवून घेतलं नसतं. बायकांवर अन्याय करणार नाही, आईला मुलापासून तोडणार नाही, असल्या मोठ्या जागतिक करारावर त्या देशाने कधीच सही केली होती. फक्त ती सही बेटाच्या वतीने केली नव्हती. नाणं बेटावर पोचलं होतं, मुकुट पोचला होता, एवढी एक गोष्ट तेवढी वाटेत राहिली होती.

शेनॉनचा फोन आला तेव्हा बर्थाच्या टेबलासमोर बदरुद्दीन नावाचा फिटर उभा होता. तो केरळला कायमचा परत निघाला होता.

"ममा, दे वॉन्ट मी टू साइन," शेनॉन म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "दॅट डॅरिल विल स्टे विथ हिज फादर. दॅट आय ॲग्री."

"आणि नाही केलीस तर?"

"देन आय हॅव टू फाइट इन कोर्ट. बट माय परमिट इज ओव्हर. दे मे लॉक मी अप, आय डोन्ट नो."

बर्थाने क्षणभरही विचार केला नाही. विचार करायला काय होतं? जन्मभर ती हेच सांगत आली होती. "ओव्हरस्टे झाला की बॅन लागेल, शेनॉन. मग जन्मात जाता येणार नाही. तू आत्ता साइन कर आणि निघ. क्लीन एक्झिट घे. इकडून नवा व्हिसा काढू, परत जा, मग बघू बाळाचं. बाळ कुठे पळून जातंय?"

पलीकडून फक्त बाळाचं रडणं येत होतं.

"ऐकतेस ना? आणि हे बघ, साइन केलं नाहीस तर मी तिकीट पाठवणार नाही. मग बस तिथेच. यल्ला, ठेव आता, माझ्यासमोर माणूस उभा आहे." तिने फोन ठेवला आणि पेन बदरुद्दीनकडे दिलं. "हां भाई, इधर, नीचे."

शेनॉन आली. अंगावरचं दूध आटवायच्या गोळ्या बर्थानेच फार्मसीतून आणल्या. पहिला आठवडाभर तर तिला आपण मोठं शहाणपण केल्यासारखं वाटत होतं. ना दंड, ना बॅन, पासपोर्ट स्वच्छ. मग परत जायला व्हिसाचा अर्ज केला. तो नाकारला. दुसरा केला, तोही. कारण एकच दिलं होतं: या बेटाशी आता तुमचं काही नातं उरलेलं नाही, आणि मूल वडिलांच्या घरी राहावं हे तुम्हीच स्वखुशीने मान्य केलं आहे. गल्फचं दार आतबाहेर फिरत राहतं. सगळ्या दुनियेची दारं तशी नसतात, हे कळायला बर्थाचं वय उतरणीला लागावं लागलं, आणि त्याची किंमत भरली पोरीने.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. शेनॉन शारजाच्या एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनला बसते. सकाळी बर्थाबरोबरच निघते, गाडीत शेजारी बसते, बाहेर बघते. भांडत नाही. ती एकदा तरी ओरडली असती, काहीतरी फेकून मारलं असतं, तर बर्थाला मोकळं वाटलं असतं. पण शेनॉन "ओके ममा" म्हणते, जेवते, ताट धुऊन ठेवते. घरात तिघांचं बोलणं भाजीपाणी आणि एसीवर येऊन ठेपलं होतं. बर्थालाही आत काही जाणवत नसे. चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर काय मागायचं तेच सुचत नसे, मग ती लॅन्सीच्या शुगरसाठी मागून उठे.

रविवारी संध्याकाळी फोन लागे. तिकडे दुपार असे. डॅरिलची तिकडची आजी, धिप्पाड आणि तशी मायाळू बाई, फोन टेबलावर टेकवून ठेवी आणि डॅरिल समोरून धावत जाई. शेनॉन हाका मारी. कधी तो थांबून स्क्रीनकडे बघे. मागच्या महिन्यात त्याने आजीला विचारलं, ही बाई रोज का नाही येत? आजी हसली. शेनॉनही हसली. फोन बंद झाल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला. बर्था बाहेर कपडे दुमडत बसली.

अस्मी आली ती एका शुक्रवारी. अस्मी म्हणजे जुन्या शेजारणीची, स्मिताची मुलगी. पूर्वी शारजात दोन्ही घरं एकाच मजल्यावर होती, शेनॉन आणि ती एका बसने शाळेत गेलेल्या. आता ती दुबईत एका मोठ्या लॉ फर्ममध्ये असते. चपला काढायच्या आधीच तिने सुरू केलं.

"आंटी, यू वोन्ट बिलीव्ह इट. इट्स एक्सटेंडेड! सेंट ऑर्लिनला!"

"काय एक्सटेंड झालं? व्हिसा?" लॅन्सीने विचारलं. या घरात एक्सटेंड होण्यासारखी तेवढी एकच गोष्ट माहीत होती.

"ट्रीटी, अंकल. बायकांच्या हक्कांची. त्यांच्या गव्हर्नमेंटने डिक्लेअर केलं की आता ती बेटालाही लागू."

"पण बेट त्यांचंच ना? आधी लागू नव्हती?"

अस्मीने इकडेतिकडे बघितलं आणि लॅन्सीच्या हातातल्या बिअरच्या कॅनकडे बोट केलं. "हे इथे उम्म अल कुवैनमध्ये दुकानात मिळतं, राइट? आणि शारजाचा बोर्ड ओलांडला की?"

"खलास," लॅन्सी म्हणाला. "गाडीत सापडलं तरी वाट."

"कंट्री सेम आहे ना पण?"

लॅन्सी कॅनकडे बघत राहिला. रोज अजमानला जाता-येता हद्दी ओलांडणारा माणूस तो, त्याला लगेच पटलं. बर्थाला मात्र पहिल्यांदाच आपली सगळी बढाई आठवली. युरोप, युरोप करत तिने पोरगी पाठवली होती ती नेमकी जिथे युरोप संपत होता तिथे.

अस्मी भराभर सांगत गेली. आता तिथल्या कुठल्याही बाईला जागतिक कमिटीकडे दाद मागता येईल. अट एवढीच, की लागू झालेल्या तारखेच्या आधीचं प्रकरण कमिटी बघत नाही. पण अन्याय त्या तारखेनंतरही चालूच असेल, तर बघते.

"चालूच आहे," बर्था म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "मूल तिकडेच आहे. आज आहे, उद्याही असणार. चालूच आहे की."

"एक्झॅक्टली, आंटी. फक्त एक." अस्मी शेनॉनकडे वळली. "डिड यू एव्हर कन्सेंट? कुठे लिहून वगैरे दिलंस?"

"आय साइन्ड," शेनॉन म्हणाली.

"ओह. व्हाय?"

"आय वॉज टायर्ड."

तिने आईकडे पाहिलं नाही. मान खाली घालून ती टेबलावरचे फुग्यांचे, वसईकडच्या त्या तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचे, तुकडे बोटाने गोळा करत राहिली. बर्था सकाळी उठून तिच्यासाठी फुगे तळायची, ती खायची नाही, तुकडे करायची.

बर्थाला गप्प बसता आलं असतं. दोन वर्षं बसलीच होती. पण पोरीने आपल्याला पाठीशी घातलं, आणि तेही असं सहज, सवयीने, हे तिला सोसवलं नाही. "दमली नव्हती ती," बर्था म्हणाली. "मी सांगितलं साइन कर म्हणून. साइन नाही केलंस तर तिकीट पाठवणार नाही म्हणाले. माझ्यामुळे सही केली तिने. जबरदस्ती होती ती, अस्मी. मी लिहून देते. कोर्टात, कमिटीत, कुठे म्हणशील तिथे."

लॅन्सीने कॅन खाली ठेवला. "तिकीट नाही पाठवणार म्हणालीस तू?"

"हो."

"मला म्हणालीस, तिला स्वतःलाच यायचं होतं."

लॅन्सी उठून बाल्कनीत गेला. खाली खाडीला ओहोटी लागली होती आणि कुणीतरी चिखलात अडकलेली होडी ढकलत होतं. तो तेच बघत उभा राहिला.

अस्मी हलक्या आवाजात म्हणाली, "आंटी, धिस मे ॲक्च्युअली हेल्प. स्वखुशी नव्हती असं दाखवता आलं तर. मी सिनियरला विचारते, इन्शाल्ला काहीतरी होईल."

त्या आठवड्यात बर्थाला कितीतरी दिवसांनी भूक लागली. लाज वाटत होती, पण त्या लाजेचाही उपयोग होणार होता. ऑफिसात बसून ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती: मी, बर्था, शेनॉनची आई. माझ्या मुलीवर मी दबाव आणला. आपण केलेलं वाईट कुठेतरी कामाला येतंय, या विचारानेच तिला धीर येत होता. लॅन्सी तिच्याशी कामापुरतं बोलत होता. त्याचंही तिला काही वाटेना. डॅरिल येऊ दे घरी, मग लॅन्सीही बोलेल.

अस्मीने फोन केला तो एका संध्याकाळी. शेनॉनने स्पीकरवर टाकला.

"आंटी, तुमचं स्टेटमेंट नाही चालणार."

"का? खरं आहे ते. बायबलवर हात ठेवून सांगते."

"खरं आहे म्हणूनच. कमिटी विचारणार, गव्हर्नमेंटने काय केलं? त्यांनी प्रेशर केलं असतं तर ठीक. पण तुम्ही म्हणताय, आईने केलं, आणि तेही दुसऱ्या देशातून. म्हणजे मग त्यांच्या गव्हर्नमेंटचे हात वर. आंटी, आय ॲम सॉरी. हे लिहून दिलं तर शेनॉनची केस अजून वीक होईल."

बर्था सोफ्याच्या कडेवर बसली होती. तिला एवढंच कळलं, की सरकारने लोटलं असतं तर जगाने दार उघडलं असतं. आईने लोटलं होतं. त्यासाठी कुठे दाद नव्हती, ना बेटावर, ना राजाच्या देशात, ना कमिटीकडे.

"देअर इज वन वे," अस्मी सांगत होती. बेटाच्या कोर्टाला आता मुलाच्या आईचं ऐकून घेणं भाग होतं. जुना कागद असला तरी कोर्ट नव्याने बघू शकत होतं. हिअरिंगसाठी शेनॉनला यायची परवानगीही मिळणार होती. पण निकाल लागेपर्यंत तिथेच राहायचं, आणि नोकरी करायची नाही. मध्ये बेट सोडलं, की केस सोडली असं धरणार. निकाल कधी लागेल आणि काय लागेल, कुणीच सांगू शकत नव्हतं.

"आणि इथला व्हिसा?" बर्थाने विचारलं.

"सहा महिने बाहेर राहिली की जाणार, आंटी. यू नो दॅट."

फोन संपला आणि बर्थाची जीभ आपोआप चालू लागली. "हे बघ, क्लिनिकला आधी लीव्हचा अर्ज दे. अनपेड घे. सहा महिने व्हायच्या आत एकदा येऊन जा, स्टॅम्प पडेल, व्हिसा जिवंत राहील. कोर्टाला सांगू, आई आजारी आहे. हातातला व्हिसा सोडायचा नाही, शेनॉन. तिकडे नाहीच जमलं तर…" ती थांबली. शेनॉन तिच्याकडे बघत होती. कितीतरी दिवसांत तिने असं सरळ बघितलं नव्हतं.

"ममा, डू यू नो व्हाय आय कॉल्ड यू दॅट डे?"

"सल्ला विचारायला."

"नो. द पेन वॉज इन माय हँड. आय न्यू व्हॉट यू वुड से. स्टिल आय कॉल्ड. आय थॉट, मे बी शी विल से डोन्ट."

तिच्या आवाजात राग नव्हता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, शेनॉन उठली, तिने गॅस बंद केला आणि ताटं मांडली. जेवताना बर्थाने पुन्हा एकदा लीव्हच्या अर्जाचं काढलं. काढू नये हे कळत होतं, पण तिला दुसरं काही येतच नव्हतं.

"ओके ममा," शेनॉन म्हणाली.

बर्थाला वाटलं, ऐकलं पोरीने.

त्यानंतर काही दिवस शेनॉन लवकर जाऊ लागली, लॅन्सीबरोबर. बर्थाने विचारलं नाही. एका सकाळी ती डबा भरत असताना शेनॉन मोठी बॅग ओढत हॉलमध्ये आली. पायात बूट होते.

"आज?" बर्था म्हणाली. "लीव्ह मिळाली?"

"आय रिझाइन्ड."

"आणि व्हिसा?"

"कॅन्सल्ड."

"कॅन्सल? कुणाला विचारलंस?"

"नोबडी."

बर्थाने लॅन्सीकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी उभा होता. "मी फक्त गाडी चालवली," तो म्हणाला. "तिला जिथे जायचं होतं तिथे सोडलं. विचारलं मीपण नाही."

बर्था संतापली. खरंच संतापली, डबा आपटला आणि भाजी ओट्यावर सांडली. हातातला व्हिसा असा कुणी फेकतं का? तिकडे हरली तर जाणार कुठे? या देशात जन्मलेली पोर, उद्या इथे यायचं तर टुरिस्ट म्हणून येणार? हे सगळं तिच्या तोंडापर्यंत आलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की तिला विचारलं असतं तर तिने थांबवलं असतं. म्हणूनच विचारलं नव्हतं. पोरीने बरोबर केलं होतं. हे इतकं सरळ होतं की रडायलाही त्यात जागा नव्हती. तिने ओटा पुसला आणि ती गाडीत जाऊन बसली.

शारजा विमानतळाच्या वाटेवर लॅन्सीने रेडिओ लावला आणि बंद केला. डिपार्चरच्या दाराशी त्याने पोरीला जवळ घेतलं, कपाळावर क्रूस काढला आणि गाडी लावायच्या निमित्ताने तो बाजूला झाला. शेनॉन बर्थासमोर उभी राहिली.

"ममा, ऐक," ती म्हणाली. "तिकडे ते परत काहीतरी विचारतील. परत एखादा कागद पुढे करतील. तेव्हा मी तुला फोन करणार नाही. आधी नाही करणार. सगळं झाल्यावर करीन."

शाळेत गेल्यापासून आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोरगी. आज मात्र तिने एकेक शब्द मराठीत सांगितला, थांबत थांबत, म्हणजे नीट कळावं.

बर्थाला कळलं.

"नको करूस," ती म्हणाली.

शेनॉनने बॅगेचा दांडा वर ओढला आणि ती आत गेली.